मुद्दल मोडायला हवं

आत्या गेली त्याला फेब्रुवारीत वर्ष झालं. वर्षश्राद्धाच्या पंगती उठल्या, सुपारी फिरली आणि काकांनी विषय काढला. "ताईच्या नावानं काहीतरी कायमचं व्हायला हवं." काका तिचे धाकटे भाऊ, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी हिशेबही करून आणला होता. घरातल्या सगळ्यांचे मिळून पाच लाख होतात. ते गावच्या शाळेकडे कायम ठेव म्हणून द्यायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि व्याजातून दरवर्षी दहावीत पहिली येणाऱ्या मुलीला आत्याच्या नावाची शिष्यवृत्ती. शाळा सभागृहात संगमरवरी पाटी लावायला तयार होती. पाटीवरचा मजकूरसुद्धा काकांच्या वहीत लिहून झाला होता.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, मला हे पटत नाही. श्राद्धाच्या दिवशी असं बोलायचं नसतं, हे आईनं डोळ्यांनीच सांगितलं. तरी बोलले. तेव्हापासून घरात मी 'आत्याच्या नावाला आडवी गेलेली' आहे.

म्हणून एकदा नीट मांडते. माझं म्हणणं असं, की गेलेल्या माणसाच्या स्मृतीसाठी निधी उभारायचा तर तो संपवण्यासाठी उभारावा. मोजकी वर्षं चालवावा, रक्कम पोट भरेल एवढी द्यावी, गरज असते त्या महिन्यात द्यावी, आणि त्या माणसानं जे काम केलं त्याच कामाकडे निघालेल्या मुलामुलींना द्यावी. आपल्याकडच्या बहुतेक स्मृती-शिष्यवृत्त्या यातलं काहीच करत नाहीत. त्या पाटी राखतात.

आत्या ए.एन.एम. होती. सरकारी कागदावर आरोग्य सेविका, गावात 'सिस्टर'. सपाटीला पाच हजार वस्तीमागे आणि डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा नियम आहे. आत्याच्या वाट्याच्या वाड्यांना तो नियम कुणी वाचून दाखवला नव्हता. खांद्याला लसींचा डबा, काखेत गरोदर बायकांची नोंदवही, मार्च जवळ आला की नसबंदीच्या 'केसेस'चं टार्गेट, पावसाळ्यात विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडली की नाही याची चौकशी, आणि पंचाण्णवनंतर पल्स पोलिओचे ते रविवार. एकदा शाळेनं तिला बक्षीस समारंभाला पाहुणी म्हणून बोलावलं. आदल्या रात्री एक अडलेलं बाळंतपण निभावून ती थेट व्यासपीठावर गेली आणि प्रास्ताविक चालू असतानाच तिला डुलकी लागली. ही गोष्ट तीच हसून हसून सांगायची.

त्याच गोष्टीला जोडून ती आणखी एक सांगायची. "पहिल्या नंबराचं कौतुक मला नका सांगू. माझ्या हाताखाली शिकून गेल्या त्या सगळ्या पन्नास-पंचावन टक्केवाल्या. पहिल्या आलेल्या पोरी पुण्याला गेल्या. चांगलं झालं, जाऊ देत. पण रात्री दोनला दार वाजलं की उठायला राहिल्या त्या ह्याच." आता तिच्याच नावाची शिष्यवृत्ती पहिल्या नंबराला द्यायची, यातली गंमत काकांच्या लक्षात येत नाही. किंवा येत असेल. पहिला नंबर ही गोष्ट निवडायला सोपी, हे त्यांचं खरं कारण आहे. गुणपत्रिका पाहिली, नाव मिळालं, कुणी तक्रार करायला नको.

मी काही वर्षं एका शिक्षणसंस्थेच्या बक्षीस समितीवर होते. संस्थेचं नाव सांगण्याची गरज नाही, जुन्या संस्थांत असंच चित्र असतं. कपाटात एक जाड वही असते, ठेवींची. कुणाच्या वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास, कुणाच्या पत्नीच्या नावे गृहविज्ञानात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थिनीस. गृहविज्ञान शाळेतून कधीच गेलेलं असतं, ठेव मात्र असते, तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं आणि व्याज साचत राहतं. स्नेहसंमेलनात नावं पुकारली जातात, मुलं रांगेनं येतात, पाकिटं घेतात. एका पाकिटात पासष्ट रुपये निघाले होते. ज्या मुलीला ते मिळालं, तिचं त्या दिवशीचं जाण्यायेण्याचं भाडं त्याहून जास्त झालं असणार.

ही पासष्ट रुपयांची गोष्ट ऐकून हसू येतं, पण असल्या ठेवी ठेवणारी माणसं चिक्कू नव्हती. वहीतली दहा हजारांची एखादी ठेव घ्या. १९९० साली दहा हजार रुपये म्हणजे जवळजवळ तीन तोळे सोनं. कुणीतरी घरातलं तीन तोळे सोनं मोडावं तशी रक्कम शाळेला दिलेली असायची. त्या काळात बँका मुदत ठेवीला अकरा-बारा टक्के देत, त्यामुळे दहा हजारांचे वर्षाला अकराशे यायचे. अकराशेत एका मुलाचं वर्ष बऱ्यापैकी निभत असे. आज साडेसहा टक्क्यांनी त्याच दहा हजारांचे साडेसहाशे येतात. दाता गेला, त्याची मुलं गावाबाहेर गेली, रक्कम वाढवायला कुणी नाही. मुद्दल जिवंत आहे, पण ज्यासाठी ते ठेवलं होतं ती मदत केव्हाच मेली. पाटीवरचं नाव रोज पुसलं जातं, म्हणजे स्वच्छ केलं जातं.

मुद्दल मोडू नये, हा आपल्या मध्यमवर्गाचा जवळजवळ धर्म आहे. व्याजावर जगावं, मुद्दल पुढच्या पिढीला द्यावं. घरासाठी तो नियम चांगलाच. पण मदतीच्या निधीला तो लावला, की पैशाचं पहिलं कर्तव्य स्वतः टिकणं हे होतं आणि मुलाला टिकवणं दुसऱ्या क्रमांकावर जातं.

यावर काकांनी मला जगन्नाथ शंकरशेटांचं उदाहरण दिलं. खरं सांगायचं तर त्यांनी मला तिथे अडवलं. नाना शंकरशेट १८६५ साली गेले. त्यांच्या नावानं मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या हुशार मुलांनी तिच्यासाठी पाठांतर केलं. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे किती रुपये मिळाले, हे कुणी विचारत नसे. 'शंकरशेट मिळाली' एवढंच पुरे व्हायचं. तिथे नावच मोलाचं होतं आणि व्याज हा नुसता उपचार. तेव्हा कायम ठेव नेहमीच फुकट जाते असं मी म्हणत नाही. सन्मान म्हणून ती चालते. पण शंकरशेट होण्यासाठी मागे शंकरशेट लागतात, आणि अख्ख्या इलाख्याची एकच परीक्षा लागते. एका हायस्कुलातल्या एका तुकडीत आमच्या आत्याच्या नावाला ते वजन यायचं नाही. ते आणायचा प्रयत्नही तिला आवडला नसता. राहिली मदत. मदत म्हणून पाहिलं, तर रुपयेच मोजावे लागतात.

नाव टिकण्याबद्दलही थोडं. सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि आईचं नाव दिलं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. शंभर वर्षांत त्या नावाची चार इंग्रजी अक्षरं झाली. एस.एन.डी.टी.त शिकलेल्या माझ्या मैत्रिणींना मी विचारलं, नाथीबाई कोण? एकीला माहीत होतं. नाथीबाईंच्या नावानं शिकलेल्या बायका मात्र पिढ्या ओलांडून आहेत, आणि मला वाटतं ठाकरसींना हा सौदा तोट्याचा वाटला नसता. पंधरा लाखांच्या देणगीतूनही नाव असं विरघळतं. आमच्या पाच लाखांतून ते अजरामर होईल, ही आशा काकांनी सोडलेली बरी.

आता आमच्याच पाच लाखांचा हिशेब. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेबत्तीस हजार येतील. शहरात राहून शिकणाऱ्या मुलीला किती लागतात, यासाठी कुणाचा अंदाज घ्यायला नको, शासनानं स्वतःच तो आकडा मांडला आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी जी स्वाधार योजना आहे, तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि किरकोळ निर्वाहाचे ८,०००. लहान शहरांत तीच रक्कम ४३,०००. म्हणजे आमची 'कायमची' शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षी जिल्ह्याच्या गावीसुद्धा एका मुलीला पुरत नाही. महागाई दरसाल पाच टक्के धरली, तर वीस वर्षांनी त्या साडेबत्तीस हजारांत आजच्या बारा हजारांएवढं येईल. चाळीस वर्षांनी कुणीतरी समितीवरची बाई ते पाकीट उघडून माझ्यासारखीच हसेल.

तेच पाच लाख नऊ वर्षांत संपवायचे ठरवले तर? दरवर्षी जूनमध्ये सुमारे सत्तर हजार काढता येतात आणि नवव्या वर्षी खातं रिकामं होतं. जी.एन.एम.चा, म्हणजे परिचारिकेचा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. तीन मुली, एकीमागून एक, खोली-खाणावळीसह पूर्ण शिकून बाहेर पडतात. महागाईसाठी सुरुवातीला थोडे कमी आणि नंतर थोडे जास्त काढले तरी हिशेब जमतो. हे गणित मी काकांसमोर वहीवर मांडलं. ते बँकेत होते, त्यांना ते माझ्याआधी कळलं. "पण मग नवव्या वर्षानंतर?" ते म्हणाले. नवव्या वर्षानंतर तीन सिस्टर.

त्यातल्या तिघीही गावी परततील का? नाही परतणार कदाचित. एखादी मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयात लागेल, एखादी आखातात जाईल. बंधपत्र घ्यावं असं घरात एकानं सुचवलं, शिक्षणानंतर इतकी वर्षं ग्रामीण भागात सेवा. मला ते नको वाटतं. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. बाबासाहेब बडोद्याला गेले आणि तिथे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, राहायला जागा मिळाली नाही, पारशी सराईतून हाकललं गेलं. करार कागदावर राहिला. त्या शिष्यवृत्तीचं चीज झालंच, पण ते करारात लिहिल्यापेक्षा निराळ्या जागी.

याच शिष्यवृत्तीतली दुसरी गोष्ट मात्र प्रत्येक दात्यानं भिंतीवर लिहून ठेवावी. बाबासाहेबांना आधी एल्फिन्स्टनमध्ये शिकताना बडोद्याहून महिना पंचवीस रुपये मिळत, नंतर अमेरिकेसाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. दरमहा. पुढे काय शिकायचं आहे ते पाहून, खर्चाच्या आधी. आपल्या स्मृती-शिष्यवृत्त्या मात्र निकाल लागल्यावर, गुण पाहून, जानेवारीत समारंभ असतो म्हणून जानेवारीत मिळतात. ज्या मुलीला जूनमध्ये खोलीचा डिपॉझिट भरता आला नाही, ती जानेवारीत पाकीट घ्यायला व्यासपीठावर नसतेच. ती शेतात असते किंवा लग्न होऊन गेलेली असते. आपण जिला बक्षीस देतो, ती आपल्याशिवाय टिकलेली मुलगी असते.

"पण सरकार आहे ना," असा प्रश्न नेहमी येतो, आणि तो टाळू नये. सरकार खरंच आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही शासन भरतं. त्यामुळे 'फी भरण्यासाठी शिष्यवृत्ती' ही जुनी कल्पना आता बरीचशी शिळी झाली आहे. अडतं ते फीच्या बाजूला. खोलीचा डिपॉझिट, खाणावळीचा पहिला महिना, गणवेशाचे दोन जोड, पांढरे बूट, परीक्षेचा फॉर्म. यासाठीही योजना आहेत, स्वाधार आहे, इतर प्रवर्गांसाठी तशाच दुसऱ्या आहेत. पण त्यांचे पैसे खात्यावर येईपर्यंत वर्ष अर्धं सरतं, ही तक्रार कुठल्याही वसतिगृहाच्या कट्ट्यावर ऐकायला मिळते. खाणावळवाली मावशी शासन निर्णयावर जेवण वाढत नाही. कुटुंबाच्या छोट्या निधीचं खरं बळ इथे आहे. सरकार मोठी रक्कम उशिरा देतं, आपण छोटी रक्कम वेळेवर देऊ शकतो. जून ते ऑक्टोबर हे चार-पाच महिने तारून नेले, की पुढचं सरकारकडून यायचं ते येतं.

आणि सरकारी मदतीलाही 'कायम' या शब्दाचा रोग होतोच. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची मुलींची शिष्यवृत्ती घ्या. पाचवी ते सातवीला महिना ६० रुपये, आठवी ते दहावीला १०० मिळत, तेही वर्षातले दहा महिने. वर्षानुवर्षं हे आकडे हलले नाहीत. ज्या बाईनं प्लेगच्या साथीत रुग्ण उचलून आणताना स्वतःचा जीव गमावला, तिच्या नावानं महिना साठ रुपये. असं नाव कमी रकमेला लावणं हा त्या नावाचा मान नव्हे, हे म्हणायला धीर लागतो, कारण लगेच कुणीतरी विचारतं, म्हणजे योजना बंद करायची का? बंद करायची नाही. पण सुरू करतानाच वाढीची तरतूद नसेल, तर ती हळूहळू थट्टा होत जाते, सरकारची काय आणि आमच्या काकांची काय.

अटींबद्दल एक किस्सा, जो वर्तमानपत्रांतून गाजलेला आहे. २०१७ साली पुणे विद्यापीठाच्या एका स्मृती-सुवर्णपदकाची अट बाहेर आली. विद्यार्थी शाकाहारी आणि निर्व्यसनी हवा. गदारोळ झाला आणि विद्यापीठानं ते पदक थांबवलं. दात्यांच्या घरच्यांनी वाईट हेतूनं ती अट घातली असेल असं मला वाटत नाही. गेलेला माणूस तसा होता, म्हणून त्याच्यासारखा हवा. शोकात आपण असंच वागतो, आपल्याला त्याची प्रतिकृती हवी असते. काकांच्या कच्च्या मसुद्यातही 'सद्वर्तनी' हा शब्द होता. कोण ठरवणार? आत्या स्वतः वरिष्ठांशी तावातावानं भांडायची, दोनदा तिला खुलासा मागणारी नोटीस आली होती. तिच्या नावाच्या शिष्यवृत्तीला ती सद्वर्तनात बसली नसती.

शिवाय अट एकदा विश्वस्त निधीच्या कागदात गेली, की ती बाहेर काढणं सोपं नसतं. काळ बदलून मूळ उद्देश पाळणं अशक्य झालं, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ५५ नुसार प्रकरण न्यायालयात नेऊन, मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा दुसरा उपयोग ठरवून घ्यावा लागतो. गृहविज्ञानाच्या दहा हजारांसाठी हे कोण करणार? म्हणून ती ठेव वहीतच राहते. नऊ वर्षांत संपणाऱ्या निधीला हा प्रश्न पडत नाही. ज्यांनी अटी घातल्या तेच जिवंत असतात, चूक झाली तर फोन करून बदलता येते.

व्यवहाराच्या गोष्टी इथेच उरकते. काकांचा पहिला प्रश्न ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा होता. नोंदणीकृत संस्थेमार्फत दिलं तर वजावट मिळते, पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, आणि घरातल्या बहुतेकांनी नवी प्रणाली घेतलेली आहे. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला मोठा वाटा उचलायचा होता. त्याच्याकडे आता अमेरिकेचा पासपोर्ट आहे, त्यामुळे त्याचे पैसे कायद्यानं परदेशी ठरतात आणि परदेशी देणगीची परवानगी नसलेल्या शाळेला ते घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट ठेवून दुबईत असलेल्या बहिणीचे मात्र चालतात. आत्या असती तर म्हणाली असती, रक्ताचा गट विचारा, पासपोर्ट काय विचारता.

मदत घेणाऱ्याच्या मानाचा प्रश्न मात्र उरकण्यासारखा नाही. आपल्याकडे एकेकाळी मुलं वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. तीही सोय ब्राह्मण मुलांपुरती, बाकीच्यांना तेवढंही दार उघडं नव्हतं. वार लावून शिकलेल्या जुन्या माणसांना विचारलं, तर जेवणात काय होतं ते आठवत नसे. वाढणाऱ्या बाईचा चेहरा आठवत असे. आजचं व्यासपीठ, हार, मोठ्या पुठ्ठ्याचा चेक आणि 'गरीब व होतकरू' असा उच्चार, यात मला तोच चेहरा दिसतो. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था खेड्यातल्या मुलांना राहायला-जेवायला देते आहे, आणि तिथे मुलांना कामही करावं लागतं. घेणारा नुसता घेणारा राहत नाही. आमच्या निधीनं असं काही उभारणं शक्य नाही, पण एवढं नक्की शक्य आहे, की पैसे थेट वसतिगृहाच्या आणि खाणावळीच्या खात्यावर जावेत, मुलीला व्यासपीठावर यावं लागू नये, आणि आत्याचं नाव तिला तिचं शिक्षण पुरं झाल्यावर कळलं तरी चालावं.

काकांचा मधला मार्ग होता, बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती. परत आलेल्या पैशातून पुढची मुलगी. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीच सुरू केली, आणि पहिल्या लाभार्थींत फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर या दोन डॉक्टर स्त्रिया होत्या. कल्पना सुंदर आहे आणि ती सव्वाशे वर्षं चालली. पण लंडनहून डॉक्टर होऊन येणाऱ्याला जे पेलतं, ते कंत्राटावर लागणाऱ्या परिचारिकेला पेलेल का? आणि हप्ता थकला तर तगादा कोण लावणार, आत्याच्या नावानं? फार तर एवढं म्हणावं, की जमेल तेव्हा पुढच्या एखाद्या मुलीचं बघ. लिहून घेऊ नये.

टाटांच्याच घरातली दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांनी पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं निधी काढला तो त्याच आजाराच्या संशोधनासाठी. नुकसान जिथे झालं होतं, पैसा तिथेच पाठवला. हा माणूस कशासाठी जगला किंवा कशानं गेला, या दोनांपैकी एका प्रश्नाचं उत्तर निधीत दिसलं पाहिजे. दहावीत पहिली आलेली मुलगी हे आत्याच्या आयुष्याबद्दलच्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही.

आणि मुद्दलाबद्दल बोलायचं, तर साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटलांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहात मुलांना जेवायला घालायला धान्य नव्हतं, तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. बाईच्या आयुष्यात त्याहून मोठं मुद्दल कुठलं? ते कायम ठेवीत टाकून त्याच्या व्याजावर पोरं जेवतील, असा हिशेब त्यांनी केला नाही. पोरं आज उपाशी होती. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. रयत शिक्षण संस्था आजही आहे.

मान्य आहे, की नऊ वर्षांचा निधी चालवायला माणूस लागतो. ठेव ठेवली की शाळा पाहते, आपण मोकळे. इथे दरवर्षी मे महिन्यात कुणीतरी उपकेंद्रात, आश्रमशाळेत, कॉलेजात फोन करून विचारायला हवं, कोण नर्सिंगला जातेय, कुणाचं अडलंय. निवड चुकेल, कधी वशिला येईल. एखादी मुलगी मध्येच सोडून देईल आणि घरात म्हटलं जाईल, बघ, सांगत होतो. ही सगळी कटकट मला मान्य आहे. किंबहुना त्या कटकटीतच आत्या थोडी आमच्यात राहील असं वाटतं, पाटीपेक्षा जास्त. माझ्या पिढीतल्या चौघांनी वर्षं वाटून घ्यायची तयारी दाखवली आहे. दुबईची बहीण म्हणाली, माझा नंबर शेवटचा लावा, तोवर मी परत आलेली असेन.

परवा काकांकडे गेले होते. वही पुढ्यात होती. माझं नऊ वर्षांचं कोष्टक त्यांनी स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढलं होतं, बँकेतल्या सवयीनं, प्रत्येक आकड्याखाली दोन रेघा. शेवटच्या ओळीत शिल्लक शून्य. त्या शून्यावर त्यांनी पेन्सिलीनं एक गोल काढलेला होता. "शून्य लिहायला हात धजत नाही गं," ते म्हणाले. मग काकूंना चहा टाकायला सांगितला, आणि पहिली मुलगी कुठल्या वाडीची घ्यायची ते विचारलं.